पाठीवरचं मीठ

जळगावहून धुळ्याला निघालेल्या एसटीत मे महिन्यातल्या दुपारी पुढच्या सीटवरच्या माणसाची पाठ पाहत बसण्यावाचून दुसरा उद्योग उरत नाही. मोबाइल हातात धरवत नाही इतका तापलेला असतो, बाहेर पाहावं तर डोळे चुरचुरतात. परवा माझ्यापुढे गडद निळ्या शर्टातली एक पाठ होती. दोन्ही खांद्यांच्या मधोमध पांढऱ्या रेघा, एकीच्या आत दुसरी, तळं आटत जाताना काठाला राहतात तशा. आणि शर्ट मात्र खडखडीत कोरडा.

घामाला दाद द्यायची तर ती खानदेशात द्यावी. मुंबईचा घाम मला नेहमीच थोडा भडक वाटत आलाय. तो कपाळावर जमतो, गालांवरून ओघळतो, सगळ्यांना आपलं अस्तित्व दाखवतो आणि नेमका तिथेच फसतो. अंग गार होतं ते घाम आल्यानं नाही, तो उडून गेल्यानं. १ लिटर घामाची कातडीवरच वाफ झाली तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता तो सोबत नेतो. तोच लिटर हनुवटीवरून फरशीवर टपकला तर पाणीही गेलं, मीठही गेलं आणि अंग होतं तसंच तापलेलं राहिलं. जळगाव-भुसावळकडच्या कोरड्या हवेत घाम दिसायला सवडच मिळत नाही. तो येतो, काम करतो, जातो. मागे राहतं ते मीठ.

आता त्या रेघा. ओल जिथवर पसरली, तिथल्या कडेला मीठ साचून एक रेघ उठते. माणूस सावलीला बसला, शर्ट वाळला, पुन्हा कामाला लागला, की दुसरी ओल आणि दुसरी रेघ. माझ्यापुढच्या पाठीवर तीन होत्या. सकाळपासून तीनदा पाठ भिजली आणि तीनदा वाळली, एवढं तरी त्यावरून वाचता येतं. केळीचे घड वाहिले असतील, नाहीतर विटा.

पण खरी कारागिरी रेघांच्या फिकेपणात आहे. घामग्रंथी म्हणजे कातडीत खोल बसलेलं नळीचं वेटोळं. अंगभर अशा वीस ते चाळीस लाख. वेटोळ्यात पहिल्यांदा जे पाणी पाझरतं ते जवळजवळ रक्तातल्या पाण्याइतकंच खारट असतं. ते तसंच बाहेर आलं असतं तर उन्हाळ्यात आठवडाभरात माणूस मिठाअभावी आडवा झाला असता. म्हणून वर येता येता नळीची भिंत त्यातलं मीठ वेचून परत आत घेते. एखादी काटकसरी बाई धुणं पिळून पाणी झाडांना घालते, तसं. घाम संथ असेल तर वेचणी नीट होते. कष्ट वाढले, घामाचा ओघ वाढला, की भिंतीला उसंत मिळत नाही आणि मीठ निसटतं. उन्हात दहा-पंधरा दिवस काढले की शरीर ही वेचणी सुधारतं. घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि कमी खारट होतो. पुण्याहून लग्नाला आलेला पाहुणा आणि इथला हमाल यांच्या शर्टांवरच्या रेघा शेजारी ठेवून बघाव्यात. काम सारखंच दिलं, तर पाहुण्याची रेघ जाड निघेल. (पाहुणा तेवढं काम करेल का, हा वेगळा मुद्दा.)

आयुर्वेदात घामाला मेदाचा मळ म्हटलंय. मला हे थोडं अन्यायाचं वाटतं. त्यापेक्षा बोलीभाषेची जाण बारीक आहे. उन्हात घाम येतो, भीतीनं घाम फुटतो. परीक्षेच्या हॉलमध्ये तळहात ओले होतात ते या दुसऱ्या घामानं, त्याला हवेच्या पाऱ्याशी काही देणंघेणं नसतं. उन्हाचा घाम अंगभर आणि हिशेबी. त्याचा हिशेब मेंदूच्या तळाशी, बदामाएवढ्या भागात चालतो. रक्त अर्ध्या अंशानं तापलं तरी तिथे कळतं, कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, आणि एरवी मिनिटाला पाव-अर्धा लिटर रक्त फिरतं त्या कातडीतून सात-आठ लिटरपर्यंत फिरू शकतं. आतली उष्णता अशी वर आणून ठेवायची, पुढचं घामानं बघायचं.

आणि इथे घामालाच बघावं लागतं. कातडी असते पस्तीसेक अंशांवर. हवा तीसेक अंशांवर असेल तर अंगातली ऊब आपसूक हवेत जाते. पारा ४४ ला गेला की उलटं होतं, हवाच अंगाला भाजू लागते. एरंडोलच्या पुढे एका नवख्यानं खिडकी उघडली तेव्हा मागून लगेच आवाज आला, “भाऊ, काच लाई ल्या!” बाहेरच्याला हे कळत नाही, गरम होतंय तर काच बंद कशाला? पण ती झळ घाम सुटताक्षणीच वाळवून टाकते आणि मग नुसती उष्णता आत घालते. डोक्याकानांभोवती गुंडाळलेला रुमालही त्याचसाठी. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवतात त्या कांद्याबद्दल माझं मत मी घरात बोलून दाखवत नाही.

१७७५ मध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन या इंग्रज डॉक्टरानं एक प्रयोग छापला. सव्वाशे अंशांच्या आसपास तापवलेल्या कोरड्या खोलीत तो काही मिनिटं उभा राहिला. त्याच खोलीत मांसाचा तुकडा शिजला, आणि ब्लॅग्डेन मात्र घामाच्या जोरावर धडधाकट बाहेर आला. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवी घागर भरतात, तिच्यात हेच घडतं. जुना, छिद्रं बुजलेला माठ पाणी गार करत नाही. ज्याचं अंग पाझरतं तोच गार करतो. माठाला मीठ वेचता येत नाही, एवढाच फरक.

या कलेलाही मर्यादा आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात आभाळ भरतं, पारा ३८ वर उतरतो आणि सगळे म्हणतात, यापेक्षा ४५ परवडलं. हवेतच ओल आली की घामाला उडायला जागा नाही. आणि मेमध्ये पाणी कमी पडलं, किंवा कष्ट फार झाले, तर आतला पारा ४० च्या वर जातो, माणूस असंबद्ध बोलू लागतो. हा ताप नव्हे. तापात मेंदूनंच पारा वर नेऊन ठेवलेला असतो, म्हणून गोळी चालते. उष्माघातात गोळी कामाची नाही. अंग ओलं करून वारा घालायचा आणि तसंच दवाखाना गाठायचा.

पारोळ्याला निळा शर्ट उतरला. स्टँडाबाहेरच्या पाणपोईवर रांजणाला ओलं गोणपाट गुंडाळलेलं होतं. त्यानं दोन पेले पाणी घटाघटा प्यायलं, तिसरा रुमालावर ओतला, रुमाल न पिळता डोक्याला गुंडाळला. वळला तेव्हा मानेवरून एक ओघळ पाठीवर उतरला आणि सगळ्यात वरची रेघ विरघळली.