‘घरी’ येणे : मराठी गद्यातील परतीच्या कथनाचा विचार

मराठी प्रवासवृत्तांची समीक्षा बहुधा जाण्याची समीक्षा असते. बोटीवर पाऊल ठेवतानाची घालमेल, किनारा दिसेनासा होण्याचा क्षण, परक्या शहरातील पहिली सकाळ यांचे वर्णन लेखकाने कसे केले आहे, हे समीक्षक तपासतो. परतीच्या वाट्याला मात्र ग्रंथात दोन-चार वाक्ये येतात आणि समीक्षेत तीही येत नाहीत. लेखक घरी पोचला म्हणजे वर्णनीय असे काही उरले नाही, ही समजूत दोघांनीही निमूटपणे स्वीकारलेली दिसते. परतीचा विषय आत्मचरित्राचा आहे, प्रवासवृत्ताचा नव्हे, असा वाङ्मयप्रकाराच्या मर्यादेचा आधारही या समजुतीस दिला जातो. परंतु वाङ्मयप्रकाराची मर्यादा म्हणून जे सांगितले जाते ते पुष्कळदा एखाद्या समाजाचे मौन असते. समुद्रापलीकडून येणाऱ्या माणसाचे काय करावयाचे, हा प्रश्न महाराष्ट्राने एकोणिसाव्या शतकात पुष्कळ खल करून चर्चिला. त्याच्या गद्यात परत येणे इतके लहान का व्हावे, याचे उत्तर केवळ वाङ्मयप्रकाराच्या नियमांत सापडणार नाही.

या संदर्भात धर्मशास्त्रातील एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. समुद्रयानाचा निषेध होता, एवढेच सामान्यतः सांगितले जाते. तथापि म. म. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात (१९४६) कलिवर्ज्यांचा जो सविस्तर परामर्श घेतला आहे, त्यावरून या निषेधाचे स्वरूप अधिक नेमके कळते. बौधायनाने समुद्रयानाची गणना पतनीय कर्मांत केली, पण त्यावर प्रायश्चित्तही सांगितले. कलिवर्ज्यकारांचा रोख निराळा आहे. नौकेने समुद्रपार गेलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले असले तरी त्याचा संग्रह करू नये, असे ते म्हणतात. म्हणजे बोट येथे जाणाऱ्यावर नाही, येणाऱ्यावर आहे. किंबहुना येणाऱ्यावरही नाही, त्याला घरात घेणाऱ्यावर आहे. परतणे हे एकट्याचे कर्म नसून त्यास दुसऱ्या पक्षाची संमती लागते, ही गोष्ट शास्त्रकारांना प्रवासवर्णनकारांपेक्षा चांगली समजली होती, असे म्हणावे लागते.

भाषेकडे पाहिले तर हीच गोष्ट वेगळ्या रीतीने दिसते. मराठीत ‘घरात’ आणि ‘घरी’ ही दोन्ही रूपे आहेत, पण ती एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. ‘घरात साप शिरला’ असे म्हणतात. ‘घरी साप शिरला’ असे कोणी म्हणत नाही. ‘घरात’ हे रूप चार भिंतींचे स्थळ दाखविते, तर ‘घरी’ हे रूप नाते दाखविते. ईकारान्त सप्तमीचे जे थोडे अवशेष चालू भाषेत टिकून राहिले, त्यांत घरी, दारी, गावी, माहेरी, सासरी ही प्रमुख आहेत. लंडन किंवा न्यूयॉर्क यांना हा प्रत्यय लागत नाही. ‘परदेशी गेला’ या प्रयोगात तो लागतो हे खरे. पण तेथेही ‘परदेश’ हे नकाशावरील एखादे ठिकाण नसून ‘घर’ या कल्पनेचा प्रतिपक्ष आहे, म्हणूनच तो लागतो. एखादा माणूस बंदरावरून निघून आपल्या घरात शिरला, एवढ्याने तो घरी आला असे होत नाही. मधले अंतर मैलांनी मोजता येत नाही.

‘परतणे’ हे क्रियापदही विचार करावयास लावते. भाजी परतताना खालची बाजू वर येते. उलटणे, फिरणे हा अर्थ त्यात आहेच. ‘रुळणे’ हा शब्द त्याहून बोलका आहे. नवी सून सासरी रुळते, नवा नोकर कचेरीत रुळतो. परत आलेल्याने पुन्हा रुळण्याच्या क्रियेला मात्र मराठीत स्वतंत्र शब्द नाही. जो आपलाच होता त्याला रुळावे लागेल, ही कल्पनाच भाषेने केलेली नाही. सुनेला ‘माहेरी’ हे एक रूप अधिक मिळाले आहे, पण तिचे माहेरी येणे पाहुणी म्हणून येणे असते.

या पार्श्वभूमीवर पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) हे पुस्तक वाचले म्हणजे त्याचे मोल निराळ्या जागी आढळते. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान-समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि पुढे जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. १८८९ च्या फेब्रुवारीत त्या मुंबईस परतल्या, ११ मार्च रोजी त्यांनी शारदासदन उघडले आणि त्याच वर्षी हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ज्या आनंदीबाईंसाठी त्या अमेरिकेस गेल्या, त्या १८८६ च्या अखेरीस स्वदेशी परतून २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निवर्तल्या होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील जागा त्यांची वाट पाहत राहिली. त्यांच्या परतीला कथन मिळाले ते इतरांच्या हातून, चरित्रांतून आणि पुढे कादंबरीतून.

रमाबाईंना परतावयास घर कोणते होते? आई-वडील दुष्काळात गेले, भाऊ १८८० मध्ये गेला, पती १८८२ मध्ये. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी तीर्थाटनातच आयुष्य घालविले, त्यामुळे वडिलोपार्जित वास्तू अशी जिला म्हणावी ती नव्हतीच. सासर बंगालचे, तेही पतीबरोबर संपलेले. धर्मांतराने उरलासुरला जातिसंबंधही तोडला. माहेरी, सासरी, घरी या तीनही सप्तम्या ज्या स्त्रीच्या बाबतीत निरर्थक झाल्या होत्या, तिने परत येऊन प्रथम एक घर काढावे, ही घटना केवळ समाजसुधारणेच्या इतिहासात नोंदवून भागत नाही.

पुस्तकात परतीचे प्रकरण नाही. लिव्हरपूलहून निघण्यापासून आरंभ होतो. पुढे राज्यपद्धती, गृहस्थिती, शिक्षण, धर्मसंस्था, दानधर्म असे विषय येतात आणि स्त्रियांच्या स्थितीचे विस्तृत विवेचन येते. याला प्रवासवर्णन म्हणावे की समाजशास्त्रीय निबंध, अशी शंका घेतली जाते. ती शंका गौण आहे. मुद्दा असा की हे पुस्तक दोन वर्षांपूर्वीच्या ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ (१८८७) या इंग्रजी पुस्तकाच्या शेजारी ठेवून वाचावयास हवे. इंग्रजी पुस्तकात अमेरिकन वाचकाला हिंदुस्थान समजावून सांगितला आहे. मराठी पुस्तकात मराठी वाचकाला अमेरिका. दोन वर्षांत ‘येथे’ आणि ‘तेथे’ यांनी जागा बदलल्या आहेत. परतणे म्हणतात ते हेच. बोटीच्या प्रवासाचे वर्णन न करता रमाबाईंनी दर्शक शब्दांची दिशा फिरविली, आणि परतीचे सर्व काम त्या फिरविण्याने केले.

येथे सर्वनामांचा प्रश्न उपस्थित होतो. मराठीत ऐकणाऱ्याला सामील करून घेणारे ‘आपण’ आणि वगळणारे ‘आम्ही’ असा भेद आहे. एकोणिसाव्या शतकातील लेखनात तो काटेकोरपणे पाळलेला नाही. ‘आमचा देश’ म्हणताना वाचकालाही धरलेले असे, आणि संपादकी थाटाचे ‘आम्ही’ तर सर्वत्र पसरलेले होते. त्यामुळे केवळ रूपांची मोजदाद करून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. तरीही अमेरिकन स्त्रियांच्या संघटना, त्यांच्या शिक्षणसंस्था, त्यांचा मद्यपानविरोधी लढा यांचे वर्णन करून रमाबाई जेव्हा स्वदेशाकडे वळतात, तेव्हा त्यांच्या वाक्याची बैठक वाचकाच्या बरोबरीने बसलेल्या व्यक्तीची असते. समोर उभे राहून उपदेश करणाऱ्या पाहुणीची नसते. बहुसंख्य वाचक हिंदू आणि लेखिका ख्रिस्ती. अशा स्थितीत तिने वाचकाला आपल्यात धरणे हा हक्क आहे की अतिक्रमण, हाच पुढील वादाचा गाभा ठरला. शारदासदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या आक्षेपावरून ‘केसरी’ने उठविलेले वादळ आणि १८९३ मध्ये अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेणे, या घटना सर्वश्रुत आहेत. त्या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे होते, आणि रमाबाईंच्या धर्मनिष्ठेचा सदनाच्या वातावरणावर काहीच परिणाम नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु भाषिकदृष्ट्या पाहता तो ‘संग्रहा’चाच वाद होता. तिने ‘आपण’ म्हटले. समाजाने ‘तुम्ही’ म्हणून उत्तर दिले.

धर्मानंद कोसंबी यांच्या ‘निवेदना’त (१९२४) परत येणे अगदी वेगळ्या कारणाने अवघड झाले आहे. गोव्यातील साखवाळचा हा तरुण १८९९ मध्ये पत्नी व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून विद्येसाठी बाहेर पडला. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असे भ्रमण करून, बौद्ध भिक्षूचे जीवन जगून तो सुमारे सात वर्षांनी घरी आला. गुरूंचा शोध, अन्नाची ददात, परक्या हवेत प्रकृतीचे हाल हे सर्व ‘निवेदना’त तपशिलाने येते, आणि त्यातील अनलंकृत प्रामाणिकपणा मराठी आत्मकथनात दुर्मीळ आहे. त्या मानाने गृहाची बाजू अगदी त्रोटक राहते. सात वर्षे वाट पाहिलेल्या पत्नीचा शब्द वाचकाच्या कानी जवळजवळ पडत नाही. याला लेखकाचा संकोच म्हणून सोडून देता येईल. त्या काळच्या पुरुषाने पत्नीविषयी चारचौघांत बोलू नये, हा संकेत होताच. पण केवळ संकेत हे पुरेसे स्पष्टीकरण नव्हे.

पालीमध्ये प्रव्रज्येची कल्पना ‘अगार’ आणि ‘अनगारिय’ या जोडीने मांडली जाते: घर सोडून घरहीनतेत जाणे. या मार्गावरून मागे फिरणाऱ्यासाठी त्या परंपरेत जो शब्दप्रयोग आहे तो ‘हीनाय आवत्तति’, म्हणजे हीनाकडे वळतो. पालीचा एवढा व्यासंगी पंडित गृहस्थाश्रमात परतला, तेव्हा त्याच्या नव्या विद्येच्या भाषेत त्या कृत्याला सन्मानाचे नाव नव्हते. जुन्या भाषेत होते, पण ती जुनी भाषा कोणती? घरचे बोलणे कोंकणीत. ‘निवेदन’ लिहिले मराठीत. उंबरठ्यावर जे बोलले गेले असेल ते ग्रंथात यावयाचे तर भाषांतरित होऊनच आले असते. सिंहलद्वीपातील संभाषणांचेही भाषांतरच झाले आहे, हा आक्षेप योग्य आहे. पण परक्यांच्या बोलण्याचे भाषांतर करताना माणूस कचरत नाही, पत्नीच्या बोलण्याचे करताना कचरतो. ‘निवेदना’तील ही जागा दोष म्हणून नोंदविणे समीक्षकाचे कर्तव्य आहे. आत्मपरीक्षणाची प्रतिज्ञा केलेल्या ग्रंथात ज्या व्यक्तीचे ऋण सर्वांत मोठे, तिच्यापुरतेच परीक्षण थांबले आहे. मात्र हा दोष लपवाछपवीचा नव्हे. तेथे वाक्य अडखळले आहे, आणि अडखळलेले दिसते.

विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ (१९३९) या कादंबरीची चर्चा प्रेमकथा म्हणून, युद्धपूर्व यूरोपचे चित्र म्हणून भरपूर झाली आहे. ती परतीच्या प्रवासाची कादंबरी आहे, ही साधी गोष्ट मात्र मागे पडते. चक्रधर विध्वंस यूरोपातून मुंबईस येत आहे. त्याच बोटीवर नाझी जर्मनीतून हुसकलेले ज्यू आहेत आणि त्यांत हॅर्टा आहे. एकाच बोटीवर एकाचे ‘येणे’ आणि दुसरीचे ‘जाणे’ चालले आहे. क्रियापदाची निवड बोलणाऱ्याच्या ठिकाणावर अवलंबून असते, हे व्याकरणात शिकविले जाते. येथे ती निवड पारपत्रावर अवलंबून आहे. मुंबईच्या धक्क्यावर चक्रधर उतरतो, हॅर्टाला उतरता येत नाही. तिची बोट पुढे जाते आणि ती समुद्रात उडी घेते.

आता ‘संग्रह’ नाकारणारे धर्मशास्त्र नाही, सरकारी हुकूम आहे. आणि ज्याचा संग्रह झाला त्याची अवस्था काय? उमेच्या प्रकरणाने पोळलेला चक्रधर स्त्रीजातीवर सूड उगविण्याच्या वृत्तीने यूरोपात वावरला. तो स्वदेशी पोचतो, पण त्याच्यासाठी ‘घरी’ हे रूप योजण्यास वाचक धजत नाही. बेडेकरांनी त्याला नातेवाइकांच्या गर्दीत नेऊन सोडले असते तर कादंबरी कोसळली असती. येथे परतीविषयीचा संक्षेप हा संकेताने आलेला नाही, तर आशयानेच मागितलेला आहे, आणि म्हणून याच एका ठिकाणी तो निर्दोष आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात परदेशगमन सुलभ झाले, प्रायश्चित्ताचा प्रश्न विनोदाचा विषय झाला. ‘अपूर्वाई’सारख्या (१९६०) पुस्तकात लेखक लंडनमध्ये असतानाही मनाने घरीच असतो, त्याचा सारा विनोद मराठी मध्यमवर्गीय घराच्या मापाने विलायत मोजण्यावर उभा आहे, आणि हे माप कोठेही सैल पडत नाही, हे त्या पुस्तकाचे यशही आहे आणि मर्यादाही. जो कधी दूर गेलाच नाही त्याला परतावे लागत नाही. यापुढील पिढीत जे मराठी भाषक परदेशी स्थायिक झाले आणि वर्षा-दोन वर्षांनी महिनाभर येऊ लागले, त्यांच्या येण्याला ‘घरी’ म्हणावयाचे की ‘माहेरी’, याविषयी खुद्द त्यांच्याच बोलण्यात एकवाक्यता नाही. मुंबईच्या विमानतळावर उतरलेला माणूस ‘आलो’ म्हणतो, आणि त्याच संभाषणात पुढे तिकिटाची तारीख सांगताना ‘परत जाणार’ असे म्हणतो. ‘परत’ हा शब्द दोन्ही दिशांना लावण्याची ही पद्धत आज इतकी रूढ झाली आहे की ऐकणाऱ्याला त्यात काही खटकत नाही.