उघडी अक्षरं, बंद वर्ग

वेल्ह्याहून केळदकडे, मढे घाटाच्या वाटेला लागलं की पासली येते. इथल्या एखाद्या चांगला हात असलेल्या मुलाने एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिली आणि पुढे डिझाइनचा रस्ता धरला, तर कमाईचं पहिलं काम बहुधा फ्लेक्सचं मिळतं: जत्रा, वाढदिवस, निवडणूक. ते करायचं कोरलड्रॉवर, आणि तो कोरलड्रॉही बऱ्याचदा चोरीचा. म्हणून ओपन सोर्सवाले, म्हणजे मूळ कोड सगळ्यांना खुला ठेवणारे, ‘हे फुकट आहे हो’ म्हणू लागले की आपला विद्यार्थी हसतो. फुकट तर त्याला फोटोशॉपही मिळालेलं असतं.

मग कलाशिक्षणात ओपन सोर्स हवं कशाला? महाराष्ट्रात याचं ठोस उत्तर दिलं ते अक्षरकारांनी. पवईला आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवणारे र. कृ. जोशी विंडोजमधल्या ‘मंगल’मुळे घरोघरी पोचले, पण एनसीएसटी या सॉफ्टवेअर संस्थेतला त्यांचा ‘रघू’ टंक जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला झाला. पुढे मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ ओपन फॉन्ट लायसन्सखाली दिले. हे टंक वापरायला मोकळे आहेतच, पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने त्यांचं मोल वेगळं आहे. फॉन्टफोर्ज या टंक घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी फाइल उघडा: रफार आणि वेलांटी एकमेकांवर चढू नयेत म्हणून टंककाराने काय तोड काढली, ते बिंदू-बिंदूने दिसतं. ‘नोटो सान्स देवनागरी’त तर मराठीसाठी वेगळा नियमच लिहिलेला आहे. मजकुराची भाषा मराठी ठेवली की ‘ल’ पाकळीयुक्त होतो, ‘श’ देठयुक्त. शासनाने 2009 साली हीच रूपं वापरा असं सांगितलं. ती संगणकावर उमटतात कशी, हे मात्र फळ्यावर शिकवता येत नाही.

चित्र आणि छपाईकडे वळलं की उत्साह जरा आवरावा लागतो. अ‍ॅनिमेशनच्या ब्लेंडरबद्दल आता वाद उरलेला नाही. त्यावर केलेल्या ‘फ्लो’ या लॅटव्हियन चित्रपटाने 2025 मध्ये ऑस्कर घेतलं. क्रिटाही रंगकामाला उत्तम. पण इंकस्केप आणि गिंप मुळात पडद्याच्या रंगांचे. चार रंगांच्या छपाईची फाइल करायची तर बहुधा स्क्रायबस या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरकडे जावं लागतं. तिथे जोडाक्षरं नीट जुळायला 1.5.3 ही आवृत्ती उजाडावी लागली. शिवाय छापखाना बऱ्याचदा कोरलड्रॉची सीडीआर फाइलच मागतो. प्रचारक ही अडचण झाकतात, ते मला अप्रामाणिक वाटतं.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ने गिंप, इंकस्केप, ब्लेंडरचे धडे तयार केले, ते मराठीतही आणले. नेट नसतानाही बघता येतात, म्हणजे डोंगरातल्या शाळेला सोयीचे. पण ते सॉफ्टवेअरचे धडे आहेत. कोणतं बटण दाबायचं ते सांगतात, रेषा का चुकली ते नाही. ते काम शिक्षकाचं, आणि तो मात्र अजून ‘फोटोशॉप, कोरल, इनडिझाइन’ हाच अभ्यासक्रम समजून बसला आहे. क्लासच्या पाट्यांवरही हीच तीन नावं.

कलाशिक्षकांना माझी विनंती साधी आहे. प्रात्यक्षिकात कंपनीचं नाव लिहू नका, काम लिहा: बोधचिन्ह, मुखपृष्ठ, अक्षररचना. एसव्हीजी आणि पीडीएफ घ्या. ते कशात केलं, हे विचारू नका. आणि पहिल्याच सत्रात एक देवनागरी टंक मुलांसमोर उघडा.