वऱ्हाडांतील एक फ्रेंच घड्याळ : परंपरा आणि प्रमाण

यवतमाळ जिल्ह्यांतील एका जुन्या वाड्यांत असलेलें मेजावरचें फ्रेंच घड्याळ नुकतेंच आमच्या पाहण्यांत आलें. नागपूरकर तिसऱ्या रघूजी भोसल्यांनीं तें घराण्याच्या पूर्वजास भर दरबारांत बक्षीस दिलें, अशी परंपरा त्या घरांत सांगतात. पोथ्या व सनदा यांस जी कसोटी आपण लावतों तीच या वस्तूस लावून पाहावी, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

घड्याळ सुमारें हातभर उंच आहे. पांढऱ्या संगमरवरी बैठकीवर सोनेरी मुलाम्याची स्त्रीमूर्ति असून तिच्या हातांत लायर नांवाचें तंतुवाद्य आहे. शेजारीं पांढऱ्या मीन्याची, रोमन अंकांची तबकडी, आणि बैठकीभोंवतीं द्राक्षवेल. फ्रान्सांत अशीं घड्याळें शेकोटीच्या माथ्यावरील फळीवर मांडीत. वऱ्हाडांत शेकोटीचें प्रयोजनच नसल्यामुळें तें येथें दिवाणखान्याच्या कोनाड्यांत विराजमान झालें आहे.

प्रथमदर्शनीं कोणीही मोहून जावें असाच त्याचा थाट आहे. परंतु जवळून पाहतां मूर्तीचीं बोटें जाड व वस्त्राच्या चुण्या बोथट दिसतात. मुलामा झिजला आहे तेथें खालचें करडें जस्त उघडें पडलें आहे. उत्तम फ्रेंच कामांत मूर्ति ब्राँझची असे. ओतकामानंतर कारागीर छिन्नीनें एकेक रेषा पुन्हां उठवी, आणि मग पाऱ्यांत कालविलेल्या सोन्याचा लेप देऊन पारा तापवून उडवी. त्या विषारी वाफेनें कित्येक कारागिरांची प्रकृति कायमची ढांसळे. प्रस्तुत मूर्तीवर अशी छिन्नी फिरलेली नाहीं. द्राक्षवेलीची मांडणी मात्र खरोखर डौलदार आहे. सारांश, रचना चांगली, घडण मध्यम.

आतां कालनिर्णय. पाठीमागचें झांकण काढतांच पितळेच्या गोल पत्र्यावर जापी बंधूंचा शिक्का दिसला. त्यांत १८५५ सालच्या प्रदर्शनांतील मोठ्या मानपदकाचा उल्लेख आहे. हें प्रदर्शन पॅरिस येथें भरलें होतें. जापी यांचा कारखाना फ्रान्सच्या पूर्व सीमेजवळ बोकूर येथें होता. तेथून यंत्रें घाऊक बाहेर पडत, आणि मूर्ति व बैठक दुसऱ्याच कारागिरांची असे. तबकडीवर नांव असलें तर तेंही पुष्कळदां विक्रेत्याचें असतें. पोथीच्या वेष्टनावरील मालकाचें नांव जसें ग्रंथकर्त्याचें समजूं नये, तसेंच हें.

पदकाचा उल्लेख पदक मिळण्यापूर्वी कोरला जाणें शक्य नाहीं. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्यें वारले, व १८५४ सालीं त्यांचें राज्य खालसा झालें. तेव्हां हें घड्याळ त्यांच्या हातून मिळालें, हें म्हणणें टिकत नाहीं. शिवाय १८०३ च्या देवगांवच्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांकडून निजामाकडे गेला होता, हेंही विसरूं नये.

यंत्र मागाहून बदललें असेल, अशी शंका कोणी घेईल. आम्हीं ती तपासली. यंत्र धरून ठेवणाऱ्या पट्ट्या मूळच्या जागीं बसल्या आहेत. दुसऱ्या यंत्रासाठीं पाडलेल्या भोकांचा मागमूस नाहीं. तबकडीवर बाराच्या अंकाजवळ किल्लीचें बारीक छिद्र आहे. त्यांतून लंबकाची गति पुढूनच कमीअधिक करितां येते. ही ब्रोको यांची युक्ति १८४० च्या सुमाराची. तत्पूर्वीचे लंबक बहुधा रेशमी दोऱ्यास टांगलेले असत. एवढ्यानें वर्ष ठरत नसलें तरी शिक्क्याच्या साक्षीस बाधही येत नाहीं.

मग घड्याळ आलें कोठून? १८६१ ते १८६५ या काळांतील अमेरिकन यादवीमुळें वऱ्हाडच्या कापसास अपूर्व भाव आला, आणि १८६७ सालीं मुंबईची आगगाडी नागपुरास पोंचली. मुंबईच्या बाजारांतून धामणगांव स्टेशनापर्यंत रेल्वेनें व पुढें बैलगाडीनें तें आलें असावें, असें आमचें अनुमान आहे. अनुमानास आम्ही प्रमाण म्हणत नाहीं. परंतु तें खरें ठरल्यास काळ्या मातींतल्या कष्टानें घेतलेली वस्तु दरबारी बक्षिसाहून कमी मोलाची कां मानावी?

हा ऊहापोह करण्याचें निकडीचें कारण निराळेंच आहे. यंत्र मोडींत काढून सेलवर चालणारें बसवावें व मूर्तीस नवा मुलामा द्यावा, असा सल्ला मालकांस मिळाला आहे. १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांवरील कलाकुसरीची वस्तु पुरावस्तु ठरते, आणि पंचाहत्तर वर्षांवरील महत्त्वाचें हस्तलिखितही. तिच्या निर्यातीवर त्यामुळें निर्बंध आहेत. पण घरच्या हौसेपासून तिचें रक्षण कोण करणार? नव्या बांधणीसाठीं पोथीचें पुष्पिकेचें पान कापून टाकावें, तसाच हा प्रकार होय. ज्या शिक्क्यानें आज परंपरेचें परीक्षण झालें तोच उद्यां भंगारांत जाईल.

घरांतील वडीलधाऱ्यांस आम्हीं निर्णय सांगितला तेव्हां ते कांहीं वेळ स्तब्ध राहिले. मग, “म्हणजे आजोबांचें सांगणें खोटें?” एवढेंच म्हणाले. आजोबांनीं ऐकलें तें सांगितलें, त्यांस शिक्का कोणी दाखविला नव्हता, असें आम्हीं उत्तर दिलें. यंत्र न बदलण्याचें त्यांनीं कबूल केलें आहे. शिक्क्याचा ठसा कागदावर घेऊन तो आम्हीं घराण्याच्या दप्तरांत ठेवविला आहे. ज्या संग्राहकांकडे अशीं घड्याळें असतील त्यांनींही दुरुस्तीपूर्वी एवढें अवश्य करावें.