दैनंदिनी, ग्रंथ आणि संशोधकाचा निवेदक

ब्रोनिस्लाव मालिनोव्हस्की यांची पोलिश भाषेतील खाजगी दैनंदिनी १९६७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर पंचवीस वर्षांनी, इंग्रजी अनुवादरूपाने प्रसिद्ध झाली. सहभागी निरीक्षणाच्या या प्रणेत्याने न्यू गिनीच्या परिसरात क्षेत्रकार्य करीत असताना, ज्यांचा अभ्यास चालला होता त्यांच्याविषयीच संताप आणि तिरस्कार नोंदवून ठेवला होता. वंशवाचक अपशब्दही त्यात आहेत. मानवशास्त्रात खळबळ माजणे स्वाभाविक होते. (दैनंदिनी छापणे उचित होते काय, हा वेगळा प्रश्न, त्यांच्या पत्नीने तो आपल्यापुरता सोडवला होता.)

क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९७४ मध्ये या वादाला ज्ञानमीमांसेचे वळण दिले. परक्या समाजाचे आकलन होण्यासाठी संशोधकाच्या ठायी विलक्षण सहानुभूती असावी लागत नाही. त्या समाजाच्या प्रतीकव्यवस्थेचे वाचन करता आले पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय. हे मार्मिक आहे. परंतु नैतिक प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही. दैनंदिनीवरून मालिनोव्हस्कींना दोषी ठरविणारेही तो संशोधकाच्या स्वभावापुरताच मर्यादित करतात. चरित्रावरून कृतीचा निवाडा करण्याची ही सवय साहित्यसमीक्षेला अपरिचित नाही.

वास्तविक हा प्रश्न १९२२ च्या ‘अर्गोनॉट्स ऑफ द वेस्टर्न पॅसिफिक’ या ग्रंथातच उपस्थित आहे. आपणास किनाऱ्यावर एकटे सोडून होडी दूर निघून जात आहे, अशी कल्पना करण्यास तेथील निवेदक वाचकाला सांगतो. या आवाहनाने वाचक संशोधकाच्या जागी उभा राहतो. त्या ‘तुम्ही’मध्ये गावकऱ्याला स्थान नाही, तो वाचकही असू शकेल, ही शक्यता वाक्यरचनेनेच नाकारली आहे. शेजारच्या गोऱ्या व्यापाऱ्याचे वा मिशनऱ्याचे आवार तेथे येते ते केवळ मुक्कामाची सोय म्हणून. वसाहतीची सारी व्यवस्था त्या ओझरत्या उल्लेखात मावते. पुढे, गावकऱ्यांना आपला उपद्रव होत असे आणि तंबाखूच्या देणगीने तो सुसह्य होई, असे निवेदक मिस्किलपणे सांगतो. माहिती आणि मोबदला यांचा व्यवहार या मिस्किलपणात विरघळून जातो.

भौतिकशास्त्रज्ञ आपल्या प्रयोगाची सर्व मांडणी उघड करतो, तसे मानवशास्त्रज्ञानेही करावे, ही अपेक्षा याच प्रस्तावनेतील आहे. त्या कसोटीने तंबाखू, ते आवार आणि पोलिश नोंदींतील उद्वेग ही तिन्ही पद्धतीच्या विवेचनात यावयास हवी होती. पहिली दोन आली, परंतु विनोद आणि सोय या रूपांत. तिसऱ्यासाठी वेगळी वही होती.