दाढांची बटणं

फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी' (1925) ही कादंबरी वाचून बरीच वर्षं लोटली, की लक्षात राहतात त्या गॅट्सबीच्या बंगल्यावरच्या पार्ट्या, पाण्यापलीकडचा हिरवा दिवा आणि त्याची लाडकी डेझी. गॅट्सबीचा गुन्हेगार साथीदार मायर वुल्फशाइम सहसा कुणाला आठवत नाही. कसा आठवणार? तो जेमतेम दोनदा समोर येतो. मला मात्र प्रत्येक वाचनात तो आधीपेक्षा मोठा झालेला दिसतो.

पहिली भेट न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावर, तळघरातल्या हॉटेलात. जुलैच्या लख्ख उन्हातून आत आलेल्या निकला, म्हणजे निवेदकाला, आधी काही दिसतच नाही. अंधारातून हळूहळू दोन बारीक डोळे वर येतात. ऐन दुपारी जमिनीखाली उतरायला लावून फिट्झजेराल्डने 'अंडरवर्ल्ड' शब्दशः दाखवून दिलं आहे.

हा गुन्हेगार धमक्या देत नाही, जुन्या दोस्तांच्या आठवणींनी हळवा होतो. समोरच्या मेट्रोपोल हॉटेलाबाहेर रोझी रोझेन्थालला गोळ्या घातल्या, त्या रात्रीची गोष्ट सांगतो. ही घटना खरी आहे. जुगाराचा अड्डा चालवणाऱ्या हर्मन रोझेन्थालने बेकर नावाच्या पोलीस अधिकाऱ्याची हप्तेबाजी वर्तमानपत्रात फोडली आणि जुलै 1912 मध्ये त्याचा खून झाला. निक म्हणतो, चौघा मारेकऱ्यांना विजेच्या खुर्चीत बसवलं ना? वुल्फशाइम आकडा दुरुस्त करतो: बेकर धरून पाच. तो पोलिसालाही त्याच हिशेबात धरतो, तेही आवाज न चढवता. कायदा कुठे संपतो आणि अंडरवर्ल्ड कुठे सुरू होतं, हे फिट्झजेराल्डने या एका बेरजेत सांगून टाकलंय. एवढ्यात जेवण येतं, गहिवर ओसरतो आणि गडी तल्लीन होऊन खायला लागतो.

मग ती कफची बटणं. निकची नजर गेलेली पाहून तो कौतुकाने सांगतो, ती माणसाच्या दाढांची आहेत, उत्तम प्रतीच्या. निक सभ्यपणे, कल्पना छान आहे, एवढंच म्हणतो. दाढा कुणाच्या, हे टेबलावर कुणीच विचारत नाही. पुढे गॅट्सबीच्या रंगीबेरंगी शर्टांचा ढीग पाहून डेझी रडते तेव्हा मला हटकून ही बटणं आठवतात. ते शर्ट कशाच्या पैशातून आले, हे तिथेही कुणी विचारत नाही.

1919 ची बेसबॉलची वर्ल्ड सिरीज वुल्फशाइमनेच फिक्स केली, हे गॅट्सबी सहज सांगतो. कोट्यवधी लोकांच्या विश्वासाशी एकटा माणूस खेळू शकतो, या विचाराने निक हबकतो. या पात्रामागे अर्नल्ड रॉथस्टाइन हा खरा जुगारी होता असं मानलं जातं. दारूबंदी 1920 पासून लागू होती, आणि गॅट्सबी-वुल्फशाइम यांनी औषधांच्या दुकानांआडून दारू विकून पैसा केला. झगमगाट वर, पाया तळघरात.

एक गोष्ट मात्र खटकते. वुल्फशाइमचं नाक, नाकातले केस, उच्चार हे सगळं ज्यू माणसाच्या ठरावीक व्यंगचित्रातून उचललेलं आहे. इतका सूक्ष्म लेखक इथे आळशी झाला.

दुसरी भेट गॅट्सबीच्या मृत्यूनंतरची. वुल्फशाइमच्या ऑफिसच्या दारावरच्या कंपनीच्या नावात 'स्वस्तिक' आहे. हिटलरनंतरच्या वाचकाला ते भलतंच वाटतं, पण तेव्हाच्या अमेरिकेत ते शुभचिन्ह होतं, आपल्या उंबरठ्यावर असतं तसंच. साहेब शिकागोला गेलेत, असं सांगितलं जात असताना आतून त्यांची शीळ ऐकू येते. भेट झाल्यावर वुल्फशाइम गॅट्सबीबद्दल सांगतो: युद्धावरून परतलेला, दुसरे कपडे घ्यायलाही पैसे नसलेला एक भुकेला मेजर, ज्याने अर्ध्या तासात चार डॉलरांहून जास्तीचं जेवण संपवलं. त्या पोराला मीच घडवला, म्हणतो. डोळे भरून येतात. अंत्यविधीला येणार का? नाही. खून झालेल्या माणसाच्या भानगडीत तो पडत नाही.

गंमत म्हणजे, खानदानी डेझी आणि तिचा नवरा टॉमही याच सुमारास सामान बांधून निघून गेलेले असतात, पत्तासुद्धा न ठेवता. वुल्फशाइमने निदान तोंडावर नकार दिला आणि डोळे तरी पुसले. पावसात दफन होतं. गॅट्सबीचे वडील, निक, चार-पाच नोकर, एक चष्मेवाला पाहुणा आणि गावचा पोस्टमन.