जर्मन भाषा आणि आमचे कान

जर्मन भाषेविषयी माझं मत वर्षानुवर्षं ठाम होतं. एखाद्या विषयावर ठाम मत असायचं, तर त्या विषयातलं काही कळत नसावं लागतं. ती अट मी पुरी करत होतो. मला जर्मन शब्द एकंदर चार येत: 'हाल्ट', 'श्नेल', 'आख्टुंग' आणि 'हेंडे होख'. म्हणजे थांबा, लवकर, खबरदार आणि हात वर. चारही शाळा बुडवून पाहिलेल्या इंग्रजी युद्धपटांतून कमावलेले. एवढ्या भांडवलावर 'जर्मन ही कवायतीची भाषा' असं मी चारचौघांत बिनदिक्कत सांगत असे.

पुढे मुलगा नोकरीसाठी श्टुटगार्टला गेला, नात तिकडेच जन्मली, आणि माझ्या पोटात गोळा आला. ही पोर मोठी झाली की आजोबांवर 'आख्टुंग' म्हणून खेकसणार! तेव्हा म्हटलं, एकदा आपलं मत तपासून घ्यावं.

एक विनोद तुम्हीही ऐकला असेल. फुलपाखराला फ्रेंच माणूस 'पापियों' म्हणतो, इटालियन 'फार्फाल्ला', स्पॅनिश 'मारिपोसा'. मग जर्मन येतो आणि टाचा आपटून गर्जतो, 'श्मेटरलिंग!' मीही हा विनोद पुष्कळ लग्नांच्या पंगतीत खपवला आहे. यातली लबाडी अशी, की पहिले तीन शब्द लाडात म्हणायचे आणि चौथा ओरडून. त्याच पट्टीत 'फुलपाखरू!' म्हणून बघा. मी स्वयंपाकघराच्या दाराशी म्हणून पाहिलं. हिच्या हातातलं पातेलं खाली आलं. बिचाऱ्या श्मेटरलिंगच्या पोटात तर 'श्मेटन', म्हणजे साय आहे!

मार्क ट्वेनने १८८० साली जर्मन भाषेची यथेच्छ टवाळी केली. मारुतीच्या शेपटासारखे लांब शब्द, वाक्याच्या टोकाला दडून बसलेलं क्रियापद, काही म्हणून सोडलं नाही. पण आवाजाबद्दल त्याची तक्रार काय असावी? की हे शब्द फार मवाळ आहेत! लढाईला 'श्लाख्ट' म्हणतात. इतक्या मिळमिळीत नावाच्या लढाईत मरायला जाणार कोण, असा त्याचा सवाल.

मग मधल्या काळात भाषेचा घसा बसला की काय? छे, आपले कान बदलले. दोन महायुद्धं झाली. १९४० साली 'द ग्रेट डिक्टेटर'मध्ये चॅप्लिनने हुकूमशहाचं भाषण ठोकलं, ते चक्क बनावट जर्मनमध्ये. नुसती गुरगुर आणि ठसका, अधूनमधून श्निट्सेल नि साउअरक्राउट. तरी ऐकणाऱ्याला ते जर्मनच वाटतं. नक्कल अफलातून, पण ती एका माणसाची. आपण ती सगळ्या भाषेच्या नावे मांडली. ज्याची नक्कल, त्या हिटलरचं १९४२ साली फिनलंडमध्ये चोरून केलेलं ध्वनिमुद्रण आहे. त्यात तो खालच्या, साध्या आवाजात बोलतो. ओरडणं व्यासपीठाचं होतं. व्याकरणाने त्याला भाग पाडलं नव्हतं.

तरी बाजू घ्यायची म्हणून खोटं कशाला बोला? शरद ऋतूला हे लोक 'हेर्ब्स्ट' म्हणतात. लिहिताना शेवटी ओळीने चार व्यंजनं! पण 'धार्ष्ट्य' हा शब्द न अडखळता म्हणणाऱ्या माणसाने दुसऱ्याची जोडाक्षरं मोजत बसू नये. राहिला तो घशातून घासत येणारा 'ख'. तोच उर्दू गझलेत आला की आपण 'क्या बात है' म्हणून मान डोलावतो, आणि कोणी 'बाख' म्हटलं की त्याला पाणी आणून देतो.

परवा व्हिडिओ कॉलवर बोलणं झालं. फोन बंद केलाय असं समजून नात बाहुलीला थोपटू लागली. 'श्लाफ गुट, श्लाफ गुट,' असं काहीतरी पुटपुटत होती. म्हणजे 'छान झोप'. माझ्या चार शब्दांत हा पाचवा आला आणि आधीच्या चौघांनी मुकाट्याने हात वर केले.

तेवढ्यात मुलगा फोनवर आला. "बाबा, एक सांगू? जरा हळू बोलत जा."

"का रे?"

"शेजारच्या जर्मन आजी काळजीत आहेत. दर रविवारी आमच्याकडे फोनवर एवढं कडाक्याचं भांडण कुणाशी होतं, म्हणून विचारत होत्या."

भांडण? अहो, आम्ही दोघं फक्त विचारत होतो, "जेवलास का?"