संदर्भसूचीतील नोंदीची कसोटी

आरोग्य व समाजसेवांच्या संदर्भसूचीत कोणत्या सेवा घ्याव्यात, हा प्रश्न कोशकाराच्या शब्दनिवडीसारखाच आहे. जळगाव व धुळे जिल्ह्यांपुरता विचार केला, तर केवळ शासनमान्यता ही कसोटी अपुरी ठरते आणि केवळ लोकप्रचार ही धोक्याची. पहिलीने रुग्णास दवाखान्यापर्यंत सोबत करणारे गावचे मंडळ गळते. दुसरीने भगताच्या उपचारासही स्थान द्यावे लागते. लोक कोणाकडे जातात, ही माहिती अभ्यासकास हवीच. परंतु सूचीतील नोंद वाचक शिफारस म्हणूनच घेतो. म्हणून जिची जबाबदारी कोणी नावानिशी घेतो व जिची कृती तपासून पाहता येते, तीच सेवा ग्राह्य मानावी.

तथापि एवढ्याने भागत नाही. चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांच्या सातपुड्याकडील भागात पावरी बोलली जाते, मैदानात अहिराणी. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणाने १९०७ मध्ये खानदेशीचा समावेश भिल्ली भाषांच्या खंडात केला. २०११ च्या जनगणनेत ती स्वतंत्र भाषा म्हणून मोजली गेली. सूची मात्र प्रमाण मराठीतच विचार करते. भिल्ल व पावरा समाजांत आढळणाऱ्या सिकलसेलची तपासणी सूचीत असलीच पाहिजे. पण तीनंतरचा सल्ला ऐकणाऱ्यास उमगला नाही, तर ती नोंद अर्धीच राहते. यास्तव कोणत्या केंद्रात कोणती बोली समजते, हे प्रत्येक नोंदीत लिहावे. '१०८' ची रुग्णवाहिका सूचीत अग्रभागी असावी, हे निर्विवाद. परंतु पाड्याचे बोलीतील नाव ऐकणाऱ्यास ओळखता आले, तरच ती दारी पोहोचेल.